गहाण पडलेलं शेत आणि दगडावरचा कायदा

तिरुवल्लिकेणीच्या, म्हणजे इंग्रजांच्या तोंडी झालेल्या ट्रिप्लिकेनच्या, पार्थसारथी देवळात पल्लव राजा दंतिवर्मन याच्या कारकिर्दीतला एक शिलालेख आहे. राज्याचं बारावं वर्ष, म्हणजे इसवी सनाच्या नवव्या शतकाची अगदी सुरुवात. इंग्रजांच्या सेंट जॉर्ज किल्ल्याला तेव्हा आठशेहून अधिक वर्षं अवकाश होता. आज चेन्नईच्या ऐन वस्तीत असलेली ही जागा त्या वेळी समुद्रालगतचं एक गाव होती आणि गावात आळवार या वैष्णव संतकवींनी ज्याच्यावर पदं रचली ते विष्णूचं देऊळ होतं.

राजाचं नाव-कुळ सांगून झालं की लेख थेट एका शेतावर येतो. देवळाच्या मालकीचं हे शेत. त्याच्या ‘कारण्मै’चा, म्हणजे ते कसण्याचा हक्क देवळाची व्यवस्था पाहणाऱ्यांनीच गहाण टाकला होता. उत्पन्न दुसऱ्याच्या घरी जाऊ लागलं आणि देवाच्या नैवेद्याला तांदूळ कमी पडू लागला. मग पुगळ्तुणै विशयरैयन नावाच्या गृहस्थाने ते गहाण सोडवलं, नैवेद्याची व्यवस्था पुन्हा लावून दिली आणि हा सगळा व्यवहार दगडावर कोरला गेला. पुराभिलेखाचे मोठे अभ्यासक व्ही. वेंकय्या यांनी हा लेख वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त छापला, म्हणून आपल्याला तो कळतो.

एक शेत, एक कर्ज, थोडा तांदूळ. एवढ्याशा गोष्टीसाठी दगड का फोडायचा? कारण तोंडी व्यवस्था एकदा मोडली होती. व्यवस्थापकांनी देवाचं शेत गहाण टाकलं तेव्हा त्यांना अडवणारं काही समोर नव्हतं. आता भिंतीपाशी येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असं काहीतरी उभं राहिलं. लिखित कायद्याचा उगम शोधताना आपण राजांच्या दरबाराकडे पाहतो, पण त्याची खरी सुरुवात बहुतेक ठिकाणी अशा मोडलेल्या विश्वासापाशी सापडते.

मेसोपोटेमियात उर-नम्मू राजाच्या नावाने ओळखली जाणारी संहिता इसवी सनापूर्वी 2100 च्या सुमाराची. जगातली आपल्याला ठाऊक असलेली ती सर्वांत जुनी. शारीरिक इजेसाठी तीत बहुतेक ठिकाणी चांदीच्या वजनात भरपाई सांगितली आहे. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी बाबिलोनच्या हम्मुराबीने सव्वादोन मीटर उंचीच्या काळ्या दगडावर आपले निवाडे कोरवले. अभ्यासकांनी त्यांची कलमं 282 मोजली आहेत. शेवटी राजा म्हणतो की ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने या दगडापुढे यावं आणि त्यावरचं लिहिलेलं वाचून घ्यावं. सर्वांना एकच माप मात्र नव्हतं. सरदाराचा डोळा फोडला तर डोळा, सामान्याचा फोडला तर चांदी, गुलामाचा फोडला तर त्याच्या किमतीच्या निम्मी रक्कम. रोममध्ये इसवी सनापूर्वी 451-450 मध्ये कायद्याच्या बारा पट्टिका उभ्या राहिल्या त्या सामान्य नागरिकांच्या रेट्यामुळे. तोवर कायदा उमरावांच्या घरातल्या पुरोहितांच्या स्मरणात होता आणि तो हवा तसा आठवण्याची मुभा त्यांनाच होती.

आपल्याकडे हा प्रवास कसा झाला हे पाहायला नाशिकच्या पांडवलेण्यांइतकी चांगली जागा नाही. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने तिथे भिक्षूंसाठी लेणं दिलं आणि त्यांच्या खर्चासाठी 3000 कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी) गोवर्धन नगरातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्यातून पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या 20 भिक्षूंपैकी प्रत्येकाला वस्त्रासाठी 12 कार्षापण. हा सगळा करार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, असं तो लेख स्वतःच सांगतो. ही साक्ष दुसऱ्या शतकातली. करार करायचा तर सभेत वाचायचा आणि नोंदवायचा, हा तेव्हाच रिवाज झालेला होता.

त्याच डोंगरात थोडं पुढे गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूम आहे. राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने गोवर्धनच्या अमात्याला कळवलं की पश्चिम ककखडी गावातलं 200 निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्यावं. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरा हुकूम निघाला. त्यात कारण स्पष्ट लिहिलं आहे: दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्ती उरलेली नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातून 100 निवर्तनं द्यावीत. या हुकमात राजाबरोबर राजमाताही आहे. पहिला हुकूम कुणी खरवडून काढला नाही. दुसरा त्याच्याच पुढे कोरला. आधी काय ठरलं, ते का चाललं नाही आणि मग काय केलं, हे दोन हजार वर्षांनीही तिथे उभं राहून वाचता येतं.

मला या लेखांत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. दगडावर लिहिलेलं म्हणजे कायमचं, असं आपण समजतो. पण ज्या लेखावर साल घातलेलं आहे, कुणी लिहिलं आणि कशासाठी लिहिलं हे नोंदलेलं आहे, तो लेख बदलण्याची वाटही मोकळी ठेवतो. पुढच्या माणसाला त्याच्याशी वाद घालता येतो. या गोष्टीचं सर्वांत भरदार उदाहरण पुन्हा तमिळ मुलखातच आहे.

चेन्नईपासून सुमारे 90 किलोमीटरवर, कांचीपुरम जिल्ह्यात, उत्तरमेरूर गाव आहे. तिथल्या वैकुंठ पेरुमाळ देवळाच्या भिंतीवर परांतक चोळ याच्या काळातले दोन लेख आहेत, एक 919 सालचा आणि दुसरा 921 सालचा. दोन्ही गावाच्या सभेने केलेले ठराव आहेत आणि दोन्ही वेळी राजाने पाठवलेला अधिकारी सभेत हजर होता. विषय एकच: गावाचा कारभार पाहणाऱ्या समित्यांवर माणसं कशी नेमायची.

गावाचे 30 वॉर्ड होते, त्यांना ‘कुडुंबु’ म्हणत. प्रत्येक कुडुंबुतून एक माणूस निवडायचा. उमेदवाराकडे सारा भरणारी पाव वेलीपेक्षा जास्त, म्हणजे साधारण दीड-पावणेदोन एकराहून अधिक जमीन हवी आणि स्वतःच्या जागेवर बांधलेलं घर हवं. वेदाभ्यास हवा. वेद आणि त्यावरचं भाष्य येत असेल तर जमिनीची अट निम्म्यावर. मागच्या तीन वर्षांत तो कुठल्या समितीवर असता कामा नये. निवडलेल्या 30 जणांपैकी 12 वार्षिक समितीवर, 12 बागांच्या समितीवर, 6 तळ्याच्या समितीवर. मुदत 360 दिवसांची.

आता निवड कशी व्हायची ते पाहा, कारण लेखाने ती हात धरून दाखवल्यासारखी सांगितली आहे. पात्र माणसांची नावं ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहायची आणि कुडुंबुवार जुड्या बांधायच्या. गावातल्या लहानथोरांसकट सगळी सभा जमवायची. देवळाचे पुजारी एकही न वगळता सभामंडपात बसवायचे. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्काने उभं राहून घट सगळ्यांना दिसेल असा वर उचलायचा. आत काय आहे हे ज्याला कळत नाही अशा एका लहान मुलाला एक जुडी काढायला सांगायची. ती जुडी दुसऱ्या रिकाम्या घटात सोडून हलवायची. त्यातून मुलाने एक चिठ्ठी काढायची आणि मध्यस्थाच्या हातावर ठेवायची. ती घेताना मध्यस्थाने पाचही बोटं पसरून तळहात उघडा ठेवायचा. मग त्याने नाव मोठ्याने वाचायचं, आणि मंडपातल्या सगळ्या पुजाऱ्यांनीही ते वाचायचं. त्यानंतरच नाव पक्कं.

‘पाचही बोटं पसरून’ हे दगडावर कोरावं लागलं. म्हणजे बोटांच्या बेचक्यात चिठ्ठी लपवण्याची युक्ती कुणाला तरी सुचली होती, किंवा सुचेल अशी गावाला खात्री होती. नियम लिहिणाऱ्यांनी माणसाला पुरतं ओळखलेलं होतं आणि ओळखूनही कारभार त्याच्याच हाती द्यायचं ठरवलं होतं. या एका तपशिलापुढे मोठमोठी राजनीतीची वचनं मला फिकी वाटतात.

दुसरा ठराव पहिल्यानंतर दोनच वर्षांनी आला. 919 च्या ठरावात वयाची मर्यादा 30 ते 60 होती, ती 921 मध्ये 35 ते 70 झाली. अपात्रतेची यादी लांबली. समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नाही तो बाद, आणि त्याच्याबरोबर त्याचे मावसभाऊ, आतेभाऊ, मामा, सासरा, जावई असे नातेवाईकही बाद. इतरांचं धन लाटणारे, महापातकी, तेही बाद. कोऱ्या जागेवर बसून कुणी अशी यादी करत नाही. दोन वर्षांत गावात काहीतरी घडलं असणार, कुणीतरी हिशेब न देता भाच्याला पुढे केलं असणार, असं हा मजकूर वाचताना वाटत राहतं.

या लेखांचं कौतुक करताना एक गोष्ट झाकली जाते, ती इथे सांगायला हवी. उत्तरमेरूर हा ब्राह्मणांना दिलेला गाव होता. सभा त्यांची, उमेदवार तेच. शेतात राबणारा, तळ्याचा गाळ उपसणारा, सूत कातणारी बाई, यांच्यापैकी कुणाच्या नावाची चिठ्ठी त्या घटात पडण्याचा प्रश्नच नव्हता. भारतीय लोकशाहीचा दाखला म्हणून आज उत्तरमेरूरचं नाव घेतलं जातं, ते या मर्यादेसकट घ्यावं. त्या सभेचं मोठेपण मर्यादित होतं, पण खरं होतं: आपल्यातल्याच माणसांवर लेखी वचक ठेवणं आणि तो चुकला तर लेखीच सुधारणं.

देवळाच्या भिंतींवर हे चाललं असताना पोथ्यांमध्ये कायद्याचा दुसरा संसार उभा होता. मनू, याज्ञवल्क्य, नारद यांच्या स्मृती. त्यांच्यावर साल नाही. त्या कुण्या राजाने काढलेल्या नाहीत आणि कुठल्या सभेने मंजूर केलेल्या नाहीत. ऋषींच्या तोंडून आलेलं म्हणून त्यांना मान. मात्र त्या एकट्याने राज्य करत नव्हत्या. म्हैसूरला 1905 साली आर. शामशास्त्रींच्या हाती लागलेल्या ‘अर्थशास्त्रा’च्या पोथीत निवाड्याचे चार पाय सांगितले आहेत: धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन. चरित्र म्हणजे लोकांची चालत आलेली रीत. याज्ञवल्क्याने तर दानाचं शासन वस्त्रावर किंवा ताम्रपटावर लिहून त्यावर मुद्रा उमटवावी, म्हणजे पुढच्या राजांना ते कळेल, असं बजावलं आहे.

स्मृतीवर साल नसलं तरी टीकाकाराला काळ असतो. अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर चालुक्य विक्रमादित्य सहावा याच्या राजधानीत, कल्याणीला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, आपल्या लातूर-धाराशिवच्या शेजारचं. विज्ञानेश्वराने मांडलं की वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा हक्क बाप मेल्यावर येत नाही, तो जन्मतःच येतो. अशा वारशाला त्याने ‘अप्रतिबंध दाय’ म्हटलं, ज्याच्या आड कुणी येऊ शकत नाही तो. बंगालात जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने याच्या उलट बापाच्या मृत्यूनंतरचा हक्क धरला. दक्षिणेत देवण्णभट्टाची ‘स्मृतिचंद्रिका’ मानली गेली. पैठणच्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ लिहिला, तो पश्चिम भारतात चालला. जुन्या वचनांचा आधार घेत प्रत्येकाने आपल्या मुलखाला आणि काळाला साजेसं काही नवं म्हटलं. सुधारणा होत होती, फक्त ती ‘हाच मूळ अर्थ आहे’ अशा शब्दांत होत होती. या सगळ्या पसाऱ्याचा पाच खंडांचा इतिहास 1930 ते 1962 या काळात डॉ. पांडुरंग वामन काणे यांनी लिहिला, त्यामुळे आपल्याला तो एकत्र दिसतो.

इंग्रज आले तेव्हा त्यांना हे दोन संसार वेगळे ओळखता आले नाहीत. 1772 साली वॉरन हेस्टिंग्जने ठरवलं की वारसा, लग्न, जात यांच्या बाबतीत हिंदूंना शास्त्राप्रमाणे आणि मुसलमानांना कुराणाप्रमाणे न्याय द्यायचा. हेस्टिंग्ज नुकताच मद्रासच्या कौन्सिलमधून बंगालला गव्हर्नर म्हणून गेलेला होता. त्याचा हेतू स्थानिक कायदा राखण्याचा होता. पण शास्त्र म्हणजे एखादं पुस्तक असणार आणि ते मिळालं की काम झालं, अशी त्यामागची समजूत होती. पंडितांकडून संग्रह करवून घेतला गेला, 1794 मध्ये विल्यम जोन्सचं मनुस्मृतीचं भाषांतर आलं आणि 1810 मध्ये कोलब्रुकने ‘मिताक्षरे’चा वारसा प्रकरणापुरता भाग इंग्रजीत आणला. मद्रासच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले मुख्य न्यायाधीश थॉमस स्ट्रेंज यांनी 1825 साली हिंदू कायद्यावर आपला ग्रंथ छापला. 1864 मध्ये कोर्टांतलं पंडितांचं पदच रद्द झालं. आता कल्याणीच्या टीकाकाराचा एक तुकडा, संस्कृत न येणाऱ्या न्यायाधीशाच्या हातात, इंग्रजीत, आधार म्हणून उरला. त्यावर दिलेला प्रत्येक निकाल पुढच्या निकालाला बांधणारा ठरला.

मद्रासमध्ये याला विरोध झाला, हे विसरू नये. 1868 साली रामनाडच्या खटल्यात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, मान्य केलं की रूढी पुराव्याने स्पष्ट सिद्ध झाली तर ती ग्रंथातल्या वचनापेक्षा वरचढ ठरेल. जे. एच. नेल्सन हा जिल्हा न्यायाधीश त्याच्याही पुढे गेला. तमिळ मुलखातल्या बहुसंख्य लोकांनी संस्कृत ग्रंथ कधी पाहिलेले नाहीत, तरी मद्रास हायकोर्ट त्यांच्यावर ते लादत आहे, असं त्याने 1877 च्या पुस्तकात रोखठोक लिहिलं. हायकोर्टाला ते रुचलं नाही. माझ्या मते नेल्सनचं म्हणणं मुळात बरोबर होतं. रूढी सिद्ध करायला साक्षीदार, कागद, पैसा लागतो. ग्रंथातलं वचन छापील पुस्तकात तयार असतं. गरिबाची रूढी कोर्टात हरायची ती बहुतेक अशी.

बाईच्या बाबतीत तर ग्रंथही आक्रसला. विज्ञानेश्वराने स्त्रीधनाची व्याख्या इतकी सैल केली होती की वारसाने आलेली मालमत्ताही तीत बसत होती. प्रिव्ही कौन्सिलने ती मानली नाही. मद्रास इलाख्यात विधवेला किंवा मुलीला वारसाने मिळालेली जमीन हयातीपुरतीच, असा नियम पक्का झाला. आठशे वर्षांपूर्वीच्या टीकाकारापेक्षा एकोणिसाव्या शतकातला न्याय बाईच्या बाबतीत कंजूष निघाला.

तिरुवल्लिकेणीच्या देवळालाही हा नवा कायदा भेटला. तेंकलै आणि वडकलै या श्रीवैष्णव पंथांत पूजेच्या आरंभी कोणाच्या आचार्याचा श्लोक म्हणायचा यावरून जुना वाद होता. आधीच्या राजवटींत असे तंटे त्या त्या प्रसंगापुरते मिटत. ईस्ट इंडिया कंपनीने 1817 च्या रेग्युलेशनने देवस्थानांवर देखरेख घेतली आणि 1863 च्या कायद्याने ती सोडून दिली. तंटे कोर्टात गेले. कोर्टाने योजना आखून दिल्या, विश्वस्त तेंकलै रहिवाशांच्या मतांनी निवडले जाऊ लागले, आणि प्रत्येक निकाल नव्या दाव्याचं बी ठरला. अर्जुन अप्पादुरै यांनी 1981 साली याच एका देवळावर ग्रंथ लिहून ही साखळी उलगडून दाखवली आहे. राजाची आज्ञा एका तंट्यापुरती असे, कोर्टाचा निकाल सगळ्यांना लागू होणारा नियम बनतो, हा त्यांचा मुद्दा या शहराचा इतिहास समजायला फार उपयोगी आहे.

याच वस्तीतून कायद्याचं नवं भानही उगवलं. 1878 साली टी. मुथुस्वामी अय्यर यांची मद्रास हायकोर्टावर न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. लहानपणी त्यांनी गावच्या हिशेबनिसाच्या हाताखाली महिना एका रुपयावर काम केलं होतं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी नेमणुकीवर टीकेची झोड उठवली. उत्तर द्यायला भारतीयांचं पत्रच नव्हतं. तेव्हा ट्रिप्लिकेन लिटररी सोसायटीतल्या सहा तरुणांनी, त्यांत चार कायद्याचे विद्यार्थी आणि दोन शिक्षक, पावणेदोन रुपये उसने घेऊन 20 सप्टेंबर 1878 रोजी एका साप्ताहिकाच्या 80 प्रती छापल्या. त्याचं नाव ‘द हिंदू’. ग्रंथातला कायदा सांगायला कोण बसणार, हा प्रश्न घेऊन जन्मलेलं ते पत्र.

याच मद्रासमध्ये एक मराठी माणूस शास्त्रांशी झुंजत होता. दिवाणबहादूर आर. रघुनाथराव हे तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत रुजलेल्या देशस्थ घराण्यातले, सर टी. माधवराव यांचे चुलत भाऊ, काही काळ इंदूरचे दिवाण. विधवाविवाहाला आणि मुलगी वयात आल्यावर लग्न करण्याला शास्त्राची मनाई नाही, हे ते शास्त्रातूनच सिद्ध करत राहिले. 1887 च्या डिसेंबरात मद्रासला भरलेल्या पहिल्या सामाजिक परिषदेमागे न्या. रानडे यांच्याबरोबर तेच होते आणि अध्यक्षस्थानी माधवराव. रघुनाथरावांची वाट टीकाकारांचीच होती: जुन्या वचनातून नवा अर्थ. पण जी सोय विज्ञानेश्वराला होती ती त्यांना नव्हती. त्यांचा अर्थ पंडितांनी मानला नाही आणि कोर्टाला तर छापील निकालच पुरेसे होते.

वकिलांच्या घरात हा पेच पैशाच्या रूपाने आला. एकत्र कुटुंबाच्या खर्चाने शिकलेल्या मुलाची कमाई त्याची स्वतःची की सगळ्या भावंडांची? जुन्या वचनांवरून कोर्ट म्हणायचं, विशेष विद्या कुटुंबाच्या पैशाने मिळाली असेल तर कमाई एकत्र. मद्रासचे नामांकित वकील व्ही. भाष्यम अय्यंगार यांनी 1891 मध्ये कमाई शिकणाऱ्याचीच राहावी असं विधेयक मांडलं. एकत्र कुटुंब मोडेल म्हणून गदारोळ झाला आणि शेवटी गव्हर्नरने संमती नाकारली. तीच गोष्ट मुकुंदराव जयकर यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात 1930 साली करून घेतली. 1937 मध्ये डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत हक्क मिळाला, तोही हयातीपुरता.

या सुधारणा एकेक वीट सरकवत होत्या. 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत मनुस्मृती जाळली गेली, तेव्हा अख्ख्या भिंतीलाच हात घातला गेला. ज्या कायद्यावर साल नाही, ज्याला सभेपुढे आणता येत नाही आणि जो पिढ्यान्‌पिढ्या माणसाला माणूसपण नाकारतो, त्याच्यात दुरुस्ती सुचवायची तरी कोणाला? पुढे हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून 1951 साली त्यांनी मंत्रिपद सोडलं. 1956 चा वारसा कायदा आला, पण मिताक्षरेचं एकत्र कुटुंब त्याने राखलं आणि त्यात मुलीला जन्मसिद्ध हिस्सा दिला नाही.

तो हिस्सा राज्यांनी दिला. आंध्र प्रदेशापाठोपाठ तमिळनाडूने 1989 मध्ये मुलीला मुलाच्या बरोबरीने सहदायाद, म्हणजे जन्माने वाटेकरी, केलं. उत्तरमेरूरजवळच्या चेंगलपट्टूला 1929 साली भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेने स्त्रियांना मालमत्तेत समान हक्काचा ठराव केला होता, त्याला तेव्हा साठ वर्षं झाली होती. महाराष्ट्राचा कायदा 22 जून 1994 पासून लागू झाला. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो देशभर गेला. मग प्रश्न निघाला: त्या तारखेआधी वडील वारले असतील तर मुलीचा हक्क काय? निकाल परस्परविरोधी येत राहिले. 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, कारण सहदायादाचा हक्क जन्माने येतो आणि असा वारसा अप्रतिबंध आहे. निकालपत्रात विज्ञानेश्वराचा तो शब्द आहे, आणि आता तो मुलीसाठी आहे.